थोरल्याची टाळी

त्या दोघा भावांची मारामारी बघायला लोक मटण घ्यायच्या निमित्ताने यायचे, असं म्हटलं तर फार अतिशयोक्ती होणार नाही. दुकान बापाच्या वेळचं. पुढे काउंटर, मागे लाकडी ओंडका, वर आकड्यांना लटकलेले बोकड, आणि या सगळ्याच्या मधोमध एकमेकांची गचांडी धरून उभे असलेले थोरला आणि धाकटा. कारण कुठलंही चालायचं. सुरी जागेवर नाही. बर्फ उशिरा आला. गिऱ्हाइकाला हाड जास्त घातलं. एकाने अरे म्हटलं की दुसऱ्याने का रे म्हणायचंच, आणि तिथे तोंडाचं काम संपून हातांचं सुरू व्हायचं.

वळण बापानेच लावलेलं. पोरं भांडली की तो सुऱ्याची पाठ दोघांच्याही पाठीत घालायचा. चूक कुणाची, हे विचारायच्या भानगडीत पडायचा नाही. "झाला न्याय," म्हणायचा आणि पुढचं बोकड सोलायला घ्यायचा. असल्या शाळेत शिकलेली पोरं दुसरं काय करणार? थोरल्याचा डावा कान याच शिक्षणात गेला. धाकट्याला नुकतं मिसरूड फुटत होतं तेव्हा त्याने मुठीत लोखंडी आकडा धरून थोरल्याच्या कानशिलात ठेवून दिली होती. आधी रक्त आलं, मग पू, मग कान कायमचा बंद. थोरला लोकांना सांगायचा, लहानपणी ताप डोक्यात गेला. धाकट्याने कधी माफी मागितली नाही आणि थोरल्याने कधी विषय काढला नाही. आता वयाबरोबर त्याचा उजवा कानही मंद व्हायला लागला होता. एकच गोष्ट गिऱ्हाइकाला दोनदा विचारायचा आणि वर त्याच्यावरच खेकसायचा.

बापाने एक गोष्ट मात्र चांगली शिकवली होती, हत्यार सांभाळणं. दुकान बंद करताना गुर्द्याभोवतीची पांढरी घट्ट चरबी फडक्यात घ्यायची आणि सुऱ्या, सत्तूर, ओंडका, दाराच्या बिजागऱ्या, सगळ्याला चोळायची. "कोरडं हत्यार धन्याला दगा देतं," असं तो म्हणायचा. तो होता तोवर दोन्ही पोरांच्या सुऱ्यांना तोच चोळायचा. ज्या दिवशी मारलं असेल त्या दिवशी जरा जास्तच वेळ. तो गेला आणि ते फडकं थोरल्याकडे राहिलं. मग ज्याने त्याने आपलं हत्यार बघायचं, दुसऱ्याच्या हत्याराला हात लावायचा नाही, हे न बोलताच ठरून गेलं.

तर अशा या दुकानात एक दिवस मास्तरीणबाई आल्या. बाई सत्तरीच्या पुढच्या, काडीसारख्या, मागच्या गल्लीत माडीवर मुलांना व्हायोलिन शिकवायच्या आणि कुत्र्यासाठी हाडं न्यायच्या. त्या आल्या तेव्हा धाकट्याने थोरल्याचं डोकं ओंडक्यावर दाबून धरलं होतं आणि थोरल्याने त्याच्या मनगटाचा लचका तोडायला घेतला होता. बाई पिशवी धरून शांतपणे उभ्या राहिल्या.

"तुमचं उरकलं की मला हाडं द्या," त्या म्हणाल्या.

दोघांनाही ओशाळल्यासारखं झालं. थोरला तोंडाला लागलेलं रक्त पुसत आत गेला. धाकटा हाडं तोडायला लागला, पण त्याच्या हातातला सत्तूर थरथरत होता.

"हात कापतोय तुमचा."

"मारून झालं की कापतो, बाई. मग रात्रभर थांबत नाही." हे आपण का सांगितलं, ते त्याचं त्यालाच कळेना. बायकोने, असती तर, विचारलं असतं तरी त्याने सांगितलं नसतं. पण चाळिशी आली तरी बायको करून देण्याइतका धीर कुणाला झाला नव्हता.

"वर या एकदा," बाई म्हणाल्या. "एक वस्तू देते धरायला. जास्त दाबलीत की तीच ओरडते."

तो गेला. खरं तर मोडून टाकू आणि मोकळे होऊ, एवढ्याच विचाराने गेला. बाईंनी त्याच्या हनुवटीखाली व्हायोलिन बसवलं, हातात गज दिला. त्याने तो सुरीसारखा मुठीत आवळला आणि तारेवर घातला. जिवंत कोंबडी सोलायला घेतल्यासारखा आवाज निघाला. बाईंचं कुत्रं पलंगाखाली पळालं. धाकट्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या, त्याने आणखी जोर लावला, तशी तार फाटकन तुटली आणि त्याच्या गालावर लांबलचक चीर पाडून गेली. रक्त हनुवटीपर्यंत ओघळलं.

बाईंना वाटलं, आता हा वाद्य जमिनीवर आपटणार. तो हसत सुटला. "बाई, आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझ्या आधी मारलं."

त्या दिवसापासून तो शिष्य झाला आणि बाई अरेतुरेवर आल्या. त्यांच्या हातात पेन्सिल असायची. मूठ आवळली की बोटाच्या पेरावर पेन्सिल. खांदा वर गेला की खांद्यावर. बोकडाचा पाय एका दणक्यात तोडणारा माणूस पेन्सिलीच्या धाकाने घामाघूम व्हायचा. बाईंनी त्याला गज कसा सैल धरायचा ते दाखवलं, राळेचा खडा गजाच्या केसांवर कसा घासायचा ते दाखवलं. "ही राळ तारेला धरते, म्हणून आवाज होतो. केसांना बोट लावायचं नाही. बोटाचं तेल लागलं तरी केस घसरतात."

आणि एका संध्याकाळी गज या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला आणि एक लांब, सरळ सूर निघाला. कोंबडी नाही, काही नाही. नुसता सूर. धाकटा तसाच उभा राहिला. हात कापत नव्हता. त्याला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून स्वतःचाच राग आला, आणि त्या रागाचं करायचं काय हे न सुचून त्याने तोच सूर पुन्हा काढला.

"घरी ने हे," बाई म्हणाल्या. "पण वाद्य माझं आहे. ज्या दिवशी माणसावर हात टाकशील त्या दिवशी परत आणून ठेवायचं. मी कुणाला विचारायला जाणार नाही. तुझं तू आणायचं."

"आणि परत मागायला आलो तर?"

"तर मी देणार नाही."

एवढा सरळ करार त्याच्याशी कुणी केला नव्हता. त्या व्हायोलिनसाठी तो काहीही सोसायला तयार झाला. आणि सोसावंही लागलं, कारण थोरला काही संत नव्हता.

दुकान बंद झालं की धाकटा मागच्या खोलीत गज ओढत बसायचा. पहिल्या आठवड्यातच थोरला लाथ घालून दार उघडून आत आला. "बोकडसुद्धा मरताना एवढा बोंबलत नाही! दिवसभर हाडं तोडायची आणि संध्याकाळी हे ऐकायचं? बंद कर!"

"दादा, जा."

पहिला ठोसा तोंडावर बसला. धाकट्याने व्हायोलिन हळूच पेटीत ठेवलं, मागे सरकला आणि दोन्ही हात पाठीमागे नेऊन भिंतीतली लोखंडी सळई घट्ट धरली. दुसरा ठोसा नाकावर. तिसऱ्याला दात हलला. शर्टाची छाती लाल झाली. तळपायाची आग मस्तकात गेली होती, हात सोडला असता तर थोरल्याची कणीक तिंबून काढली असती. पण त्याने हात सोडले नाहीत.

"मार की उलट!" थोरला ओरडला. "मारत का नाहीस?"

"वाद्य परत द्यावं लागतं," धाकटा रक्त थुंकत म्हणाला.

थोरल्याने आणखी एकदा हात उचलला, पण तो हात तसाच खाली आला. न मारणाऱ्या भावाचं काय करायचं, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्याने उगाच कुरापत काढून पाहिली, तिसऱ्या दिवशी ओल्या फडक्याने थोबाडात मारून पाहिलं. धाकटा हात मागे बांधून उभा. शेवटी थोरला कंटाळला. मारामारी नाही म्हणून बघे आटले, आणि दुकानात नवीनच शांतता आली. ती थोरल्याला सोसेना. संध्याकाळी तो मागच्या खोलीच्या दाराबाहेर उलटा क्रेट टाकून बसायला लागला, उजवा कान दाराला लावून. धाकट्याला वाटलं, आपल्यावर पाळत ठेवून बसलाय.

एकदा दार उघडं राहिलं तेव्हा थोरला आत डोकावला. "छोट्या, त्या केसांवर पांढरं काय रे? बुरशी धरलीय का? कोरडे ठाक पडलेत बघ."

"तुला काय कळतंय त्यातलं? हात लावलास तर याद राख."

थोरला बाहेर निघून गेला. धाकट्याने दोन वाक्यांत राळ काय ते सांगितलं असतं तर पुढचं काहीच झालं नसतं. पण दोन वाक्यं सरळ बोलायची सवय त्या घरात होती कुणाला?

बाईंच्या माडीवर शिष्यांनी आईबापांसमोर वाजवायचा दिवस आला. धाकट्याच्या वाट्याला एक संथ धून होती, लांब लांब सुरांची. रात्री त्याने राळ घासली, पेटी मागच्या खोलीत ठेवली. सकाळी अंघोळ करून, दाढी करून, पेटी उचलून तो निघाला. थोरला दुकानात नव्हता, याची त्याने दखलही घेतली नाही.

माडीवर गर्दी होती. चिल्ल्यापिल्ल्यांच्या रांगेत पिकल्या केसांचा हा एकटा. एकेक पोर वाजवायचं, लोक टाळ्या वाजवायचे. त्याची पाळी आली. त्याने मान तिरकी करून व्हायोलिन धरलं, गज अगदी शिकवल्यासारखा सैल धरला आणि तारेवर ओढला.

आवाजच नाही.

त्याने पुन्हा ओढला. काचेवरून बोट घसरावं तसा गज घसरला. एक बारीकशी फुसफूस, बस्स. त्याला वाटलं, आपणच भीतीने चुकतोय, म्हणून तो वाजवत राहिला. बोटं बरोबर पडत होती, गज बरोबर जात होता, आणि खोलीत सुई पडली तरी ऐकू यावी अशी शांतता. पुढच्या रांगेतलं एक पोर फिस्सकन हसलं. मग दुसरं. धून संपली, म्हणजे त्याच्या बोटांपुरती संपली. त्याने गज खाली घेतला आणि त्याच्या नाकात वास शिरला. तो वास त्याला झोपेतही ओळखू आला असता. गुर्द्याची चरबी.

आणि तेवढ्यात मागून टाळ्या वाजायला लागल्या. एकट्याच माणसाच्या, जाड, दणदणीत टाळ्या. धाकट्याने वर पाहिलं. दाराशी थोरला उभा होता. अंगात इस्त्रीचा शर्ट, भांग पाडलेला, आणि टाळ्या पिटत होता. सगळी खोली मागे वळून त्याच्याकडे बघायला लागली आणि मग हसू फुटलं ते सगळ्यांनाच.

बाई काहीतरी म्हणत होत्या. धाकट्याला ऐकू आलं नाही. पेटी बंद करून तो जिना उतरला. म्हणजे हा डाव होता. हाताने मारून जमलं नाही, म्हणून असं मारलं, आणि वर तमाशा बघायला नटून थटून आला.

थोरला लगबगीने पुढे निघून दुकान उघडत होता. धाकटा आत शिरला, पेटी काउंटरवर ठेवली आणि शटर आतून खाली ओढलं.

"छोट्या, अरे काय—"

ठोसा जबड्यावर बसला. थोरला आकड्यांवर जाऊन आदळला, एक आकडा त्याच्या खांद्यात घुसला आणि इस्त्रीचा शर्ट फाटत गेला. धाकट्याने त्याला केसांना धरून उचललं आणि गुडघा पोटात घातला. मग बरगडीत. मग खाली पडलेल्याला लाथांनी तुडवला. इतके महिने हात मागे बांधून साठवलेलं सगळं एकदम बाहेर येत होतं, आणि खोटं कशाला सांगायचं, त्याला बरं वाटत होतं. थोरल्याने एकदाही हात उगारला नाही. तो नुसता तोंड झाकत होता.

"गजाला चरबी तूच चोळलीस ना?"

"हो," थोरला म्हणाला. तोंडातून रक्ताचे बुडबुडे येत होते.

"कुठल्या हाताने?"

थोरल्याला प्रश्न कळला नाही. त्याने उजवा हात जरासा पुढे केला, लहान पोरं मास्तरांना दाखवतात तसा. धाकट्याने तो मनगटाला धरून ओंडक्यावर आपटला, सत्तूर उचलला, उलटा केला, आणि त्याची जाड पाठ बोटांवर घातली. हाड मोडल्याचा आवाज दोघांच्याही ओळखीचा होता. त्याने पुन्हा घातली. थोरला गुरासारखा ओरडला.

"बाबांच्या फडक्याने चोळली रे," तो हुंदके देत म्हणाला. "बाबांच्याच फडक्याने..."

धाकट्याच्या हातातला सत्तूर खाली पडला. त्याचा हात कापायला लागला होता.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "कसं झालं हे?"

"शटर पडलं हातावर," थोरला म्हणाला.

डॉक्टरांनी त्याच्या फुटलेल्या तोंडाकडे पाहिलं, धाकट्याच्या सोललेल्या मुठीकडे पाहिलं आणि बोटं जुळवायला घेतली. जोडली जातील, म्हणाले, पण वळणार नाहीत. सुरी विसरा. वहिनी धावत आली. तिने नवऱ्याचं तोंड पाहिलं, मग वळून धाकट्याच्या कानफटात वाजवली. दवाखाना हलला. "पहाटे उठून मला शर्टाला इस्त्री करायला लावली त्याने," ती म्हणाली. "माझा छोट्या वाजवणारे म्हणाला. आणि तू? जा, तोंड काळं कर."

धाकटा पेटी घेऊन बाईंच्या माडीवर गेला. पेटी टेबलावर ठेवली.

"हात टाकला," तो म्हणाला.

"कुणावर?"

"भावावर. त्याने गजाला चरबी चोळली होती."

बाईंनी पेटी उघडली, गज उजेडात धरला, नाकाशी नेला. उलटसुलट फिरवून पाहिला. "खोडीच करायची असती तर केस कापले असते. नाहीतर कुठेतरी बोट फिरवलं असतं. हे तर टोकापासून टोकापर्यंत, दोन्ही बाजूंनी सारखं चोळलंय. मागच्या लाकडालाही. किती वेळ लागला असेल याला." मग त्यांनी मान वर केली. "टाळ्या वाजवणारा तोच ना? मला आधी वाटलं टर उडवतोय. पण डोळे पुसत होता रे तो. त्याला ऐकू कमी येतं का?"

धाकट्याला शब्द आठवले. कोरडे ठाक पडलेत बघ. कोरडं हत्यार धन्याला दगा देतं. बाप गेल्यापासून त्या घरात कुणी दुसऱ्याच्या हत्याराला चरबी चोळली नव्हती, आणि थोरल्याने पहाटे उठून, बापाचं फडकं घेऊन, त्याच्या गजाला चोळली होती.

बाईंनी व्हायोलिन कपाटात ठेवलं आणि कपाटाला कुलूप घातलं. "गज ने," त्या म्हणाल्या. "हे केस आता कामाचे नाहीत."

तो घरी गेला. वहिनीने दार उघडलं आणि बाजूला झाली. थोरला कॉटवर उशांना टेकून बसला होता. डोळा सुजून बंद, ओठाला टाके, उजवा हात प्लास्टरमध्ये. धाकटा त्याच्या पायाशी उभा राहिला. माफी मागायला तोंड उघडलं, पण त्या तोंडाला तो शब्द माहीत नव्हता. थोरल्यानेच सुरुवात केली.

"माझंच चुकलं," तो फुटक्या ओठांनी म्हणाला. "दुसऱ्याच्या हत्याराला हात लावायला नको होता मी. तू बजावलं होतंस. पण एवढा मोठा दिवस तुझा, म्हटलं कोरडा गज घेऊन कसा जाणार." त्याने प्लास्टरचा हात मांडीवर सरकवून घेतला. "छोट्या, एक विचारू? रागावू नकोस. मी दाराशी उभा होतो ना, मला काहीच ऐकू आलं नाही. तुझा हात चाललेला दिसत होता. मेला हा कान. घरी दाराला कान लावला की ऐकू यायचं. तिथे पुढे यायला लाज वाटली, सगळी चांगली माणसं बसलेली." सुजलेल्या डोळ्यातून पाणी आलं. "छान वाजलं ना?"

धाकटा कॉटला वळसा घालून त्याच्या उजव्या बाजूला गेला. खाली बसला आणि तोंड भावाच्या कानाजवळ नेलं.

"छान वाजलं, दादा."

"चरबीने फरक पडला ना?"

"पडला," धाकटा म्हणाला. "लोण्यासारखा चालला गज."

थोरल्याने समाधानाने डोळा मिटला आणि डावा हात वर उचलला. मार चुकवायला मान खाली घ्यायची धाकट्याची लहानपणापासूनची सवय. त्याने मान खाली घेतली. पण थोरल्याने नुसतं त्याच्या गुडघ्यावर दोनदा थोपटलं, एका हाताने टाळी वाजवता येत नाही म्हणून.